जुन्या वृक्षांची नोंदवही
(धर्मग्रामाच्या सुवर्ण ज्युबिलीनिमित्त भरलेल्या सभेतील भाषण)



आज सकाळच्या मिस्सानंतर आपल्या धर्मग्रामाची स्नानसंस्काराची जुनी नोंदवही उघडून तिची पहिली पाने वाचून दाखविण्यात आली. ती नावे ऐकताना कित्येकांचे डोळे भरून आलेले आम्ही पाहिले. आज ज्यांचे केस पिकले आहेत ती माणसे त्या पानांवर तान्ही बालके आहेत. शाई फिकी झाली आहे, कागदाच्या कडा झिजल्या आहेत. परंतु बालकाचे नाव, आईबापांचे नाव, तिथी व साक्षीदार ही सर्व शाबूत आहेत. जो एकदा वहीत लिहिला गेला, त्याला कोणी सहज नाकारू शकत नाही. ह्या सभेत चार शब्द बोलण्याची आज्ञा आम्हांस झाली, तेव्हा आम्ही ठरविले की, ज्यांचे नाव कोणत्याच वहीत नाही अशा आपल्या काही जुन्या शेजाऱ्यांविषयी बोलावे. हे शेजारी म्हणजे आपल्या गावातील व शहरातील जुने वृक्ष होत.

आपला जिल्हा पर्जन्यछायेतला. येथील माणसास पाण्याची व सावलीची किंमत कोणी शिकवावी लागत नाही. 1972 चा दुष्काळ आपल्या वडीलधाऱ्यांनी खडी फोडून काढला. 2016 च्या उन्हाळ्यात शेजारच्या लातूर शहरास मिरजेहून आगगाडीने पाणी आणावे लागले, हे तर आपण सर्वांनी डोळ्यांनी पाहिले. वनसंपत्तीच्या बाबतीत राज्यातील अगदी दरिद्री जिल्ह्यांत आपली गणना होते. येडशीच्या रामलिंग घाटास 1997 साली अभयारण्याचा मान मिळाला. त्याचा विस्तार सुमारे 22 चौरस किलोमीटर, आणि आपला जिल्हा साडेसात हजार चौरस किलोमीटरांहून मोठा. म्हणजे आपल्याकडे रान असे थोडेच आहे. आपली हिरवाई बांधावर, रस्त्याच्या कडेला, देवळाच्या पाराभोवती, दर्ग्याच्या दाराशी, शाळेच्या व चर्चच्या आवारात एकेकट्याने उभी आहे. जेथे अरण्य आहे तेथे एक वृक्ष पडला तर दुसरा त्याची जागा झाकतो. आपल्याकडे एक वड पडला की तेवढे आभाळ उघडे पडते, आणि पुढच्या दोन पिढ्या ते उघडेच राहते.

शिवाय हे वृक्ष केवळ सावलीचे धनी नाहीत. आपल्या शहराचे नाव धाराशिव होते. पुढे निजाम मीर उस्मान अली खान यांच्या नावावरून ते उस्मानाबाद झाले. 2023 साली ते पुन्हा धाराशिव झाले. पाट्या बदलल्या, शिक्के बदलले. परंतु शंभरी गाठलेला एखादा कडुनिंब वा चिंच आपल्या जागेवरून हलली नाही. 1948 च्या सप्टेंबरात हैदराबाद संस्थान भारतात विलीन झाल्याची वार्ता ज्या पारावर चर्चिली गेली तो पार त्या वृक्षाचाच. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे भूकंपाने लोहारा व उमरगा भागांतील गावे जमीनदोस्त झाली, आणि दगडी भिंतींची धास्ती घेतलेल्या माणसांनी उघड्यावर, जेथे झाड होते तेथे झाडाखाली, दिवस काढले. आश्विनात कोजागरीसाठी सोलापुराहून तुळजापुरास पायी जाणारे हजारो भाविक ज्या सावलीत टेकतात ती सावली कोणी लावली, हे त्यांना ठाऊक नसते. लावणाऱ्यालाही त्यांची नावे ठाऊक नव्हती. असा हा न पाहिलेल्यांनी न पाहिलेल्यांसाठी केलेला दानधर्म आहे.

आता आपण आपल्या पूर्वजांच्या इतर ठेव्यांचे काय करतो ते पाहा. तेर येथे प्राचीन तगर नगर होते. रोमशी व्यापार करणाऱ्या त्या नगराचे मणी, मृत्तिकेच्या मूर्ती व नाणी तेथील लामतुरे संग्रहालयात काचेआड जपून ठेविली आहेत. नळदुर्गचा किल्ला व त्यातील पाणीमहाल, परंड्याचा किल्ला, धाराशिवची लेणी, ह्या सर्वांच्या नोंदी आहेत व त्यांना कायद्याचे संरक्षण आहे. हे योग्यच आहे. परंतु दगडाची नोंद करणाऱ्या आपण, त्याच किल्ल्याच्या वाटेवर उभ्या असलेल्या जिवंत साक्षीदाराचे नाव कोठे लिहिले आहे काय? दगडाला तडा गेला तर सांधता येतो. शंभर वर्षांचा वृक्ष कोणत्याही कारागिरास पुन्हा उभा करता येत नाही.

कायदा नाही असे कोणी समजू नये. महाराष्ट्राने 1975 साली नागरी क्षेत्रांतील झाडांच्या संरक्षणाचा व जतनाचा अधिनियम केला. आपल्या ज्युबिलीप्रमाणे त्यालाही आता पन्नास वर्षे होऊन गेली. नगरपालिकेच्या हद्दीत वृक्ष प्राधिकरण असावे, दर 5 वर्षांनी वृक्षगणना व्हावी, परवानगीवाचून झाड तोडू नये, असे तो सांगतो. धाराशिव, तुळजापूर, नळदुर्ग, उमरगा, मुरूम, कळंब, भूम व परंडा ही आपली नगरपालिकांची गावे ह्या कायद्याच्या कक्षेत येतात. 2021 साली त्यात मोठी सुधारणा झाली. अंदाजे 50 वर्षांचे वा त्याहून जुने झाड हे वारसा वृक्ष मानावे, असे प्रथमच ठरले. असे झाड तोडावेच लागले, तर त्याच्या वयाइतकी नवी झाडे लावून 7 वर्षे त्यांचे संगोपन करावे, असाही दंडक घातला गेला. म्हणजे 60 वर्षांच्या एका कडुनिंबाबद्दल 60 रोपे. पन्नास वर्षे पुरी झाली की आपण माणसे ज्युबिली साजरी करतो. कायद्याने वृक्षालाही त्याच वयाला मान दिला, हा योग आम्हांस मोठा बोधप्रद वाटतो.

तथापि ह्या कायद्याची सर्व मदार एका प्रश्नावर आहे: झाडाचे वय किती? आणि त्या प्रश्नाचे उत्तर देणारा बहुधा तोच असतो, ज्याला झाड नको असते. येथे आम्हांस आपल्याच घरची एक गोष्ट सांगितली पाहिजे. ज्युबिलीच्या दिवशी केवळ गौरवाचेच बोलावे असा प्रघात आहे. परंतु पश्चात्तापावाचून ज्युबिली नाही, हेही आपण जाणतो.

आपल्या आवारात फाटकाजवळ एक कडुनिंब होता. सभागृह वाढवावयाचे ठरले तेव्हा तो आड येऊ लागला. आपण रीतसर अर्ज केला, कोठे लबाडी केली नाही. अर्जात वयाचा रकाना होता. कोणी म्हणाले, “असेल वीस-पंचवीस वर्षांचा.” तो आकडा लिहिला गेला. परवानगी मिळाली, झाड पडले, त्याऐवजी सांगितलेली रोपे लावली गेली. त्यांतील बरीच पहिल्याच उन्हाळ्यात वाळली, हेही आपण जाणतो. पुढे ह्या स्मरणिकेसाठी जुनी छायाचित्रे गोळा करण्याचे काम आम्हांकडे आले. त्यांत धर्मग्रामाच्या पहिल्या वर्षीच्या मिस्साचे एक छायाचित्र निघाले. तेव्हा चर्च बांधलेले नव्हते. वेदी उघड्यावर मांडली आहे, बायाबापड्या जमिनीवर बसल्या आहेत, आणि त्या सर्वांवर ज्याची सावली पडली आहे तो तोच कडुनिंब, तेव्हाच चांगला दोन कवेंचा. आपले पहिले मंदिर तो होता! पन्नास वर्षांपूर्वी जो पूर्ण वाढलेला होता, त्याला आपण पंचवीस वर्षांचा ठरविला. आपण खोटे बोललो नाही. आपल्याला ठाऊकच नव्हते. परंतु अज्ञानाने पडलेले झाडही पडलेलेच असते. आज मिस्सा सुटल्यावर म्हातारी माणसे रिक्षाची वाट पाहत त्या जागी उन्हात उभी राहतात.

ही चूक कोणाच्या दुष्टपणाने झाली नाही. नोंदवही नव्हती म्हणून झाली. आणि जे आपल्या आवारात झाले, तेच रस्त्यांवर मोठ्या प्रमाणावर होते. सोलापूर-तुळजापूर-येडशी मार्ग चौपदरी झाला. असे रुंदीकरण होते तेव्हा दुतर्फाचे जुने वृक्ष सर्वांआधी जातात. रस्ता नको असे कोणी शहाणा म्हणणार नाही. परंतु आखणी करणाऱ्याच्या नकाशावर विहीर असते, देऊळ असते, विजेचा खांब असतो. झाड मात्र तेव्हाच दिसते जेव्हा कोणी ते दाखवून देतो.

ह्याचा दाखला दूरचा नाही. रत्नागिरीहून सोलापूर-तुळजापूरमार्गे नागपूरकडे जाणारा जो राष्ट्रीय महामार्ग आहे, त्याच्या कामात 2020 साली सांगली जिल्ह्यातील मिरज तालुक्यातल्या भोसे गावचा एक प्रचंड वटवृक्ष आड आला. सुमारे चारशे वर्षांचा म्हणून त्याची ख्याती होती व यल्लम्मा देवीच्या मंदिराजवळ तो उभा होता. गावकरी व निसर्गप्रेमी एकत्र झाले, वृक्षाखाली बसले, सरकारदरबारी निवेदने गेली, मंत्र्यांनी लक्ष घातले, आणि अखेर रस्त्याची आखणी बदलून त्या वेळी वृक्ष वाचविण्यात आला. तेथील लोकांपाशी पैसा नव्हता की सत्ता नव्हती. परंतु वृक्षाचे वय, त्याचा विस्तार व त्याची कथा त्यांना तोंडपाठ होती; म्हणून ते बोलू शकले. ज्याची कथा कोणास ठाऊक नाही त्या झाडासाठी कोण बोलणार?

कित्येक जण म्हणतात, “एक गेले तर दहा लावू.” लावावीत, अवश्य लावावीत. परंतु रोप हे वृक्षाचे बालपण आहे, त्याचा पर्याय नव्हे. मोठ्या वृक्षाची मुळे आपल्या कठीण काळ्या कातळाच्या फटींत खोल उतरलेली असतात. म्हणून तो वैशाखातही हिरवा राहतो. त्याच्या ढोलीत घुबड व पोपट राहतात, त्याच्या फळांवर शेकडो पाखरे जगतात, त्याच्या छायेत रस्त्यावरची उष्णता कमी होते. रोपाला ही योग्यता यावयास चाळीस-पन्नास वर्षे लागतात, आणि आपल्याकडे तर पहिले तीन उन्हाळे पार करणे हेच त्याचे मोठे दिव्य. 2021 साली सर्वोच्च न्यायालयाने नेमलेल्या तज्ज्ञ समितीने झाडाची किंमत वर्षाला 74,500 रुपये धरली आणि शंभर वर्षांवरच्या वारसा वृक्षाची किंमत एक कोटी रुपयांहून अधिक होऊ शकते असे सांगितले. सावलीला पैशांत मोजणे आमच्या जिवावर येते. परंतु ज्यांना पैशांचीच भाषा कळते त्यांच्यासाठी हा हिशेब उपयोगी आहे.

ह्या ठिकाणी एका धर्मगुरूंचे स्मरण केल्यावाचून आम्हांस पुढे जाववत नाही. जानेवारी 2020 मध्ये आपल्याच शहरात 93 वे अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलन भरले. संत गोरोबाकाकांच्या ह्या भूमीत त्या संमेलनाचे अध्यक्षपद फादर फ्रान्सिस दिब्रिटो यांनी भूषविले; त्या आसनावर बसलेले ते पहिले ख्रिस्ती धर्मगुरू. प्रकृती ठीक नसताही ते आले. त्यांची ‘सुवार्ता’ मासिकातील कामगिरी व त्यांचे ‘सुबोध बायबल’ आपणांस परिचित आहेच. परंतु ह्याच लेखणीच्या धन्याने 1980 च्या दशकाच्या अखेरीस वसईत हरित वसई संरक्षण समितीच्या द्वारे तेथील वाड्या, विहिरी व वृक्ष वाचविण्यासाठी लोकांना एकत्र केले, हे आपल्यापैकी फार थोड्यांस ठाऊक असेल. हिरवे गाव नाहीसे झाले तर त्या गावातील माणसांचे जगणेही उपटले जाते, हे त्यांनी ओळखले होते. 25 जुलै 2024 रोजी ते परमेश्वराकडे गेले. ज्या शहराने त्यांना तो मान दिला, त्या शहरातील ख्रिस्ती समाजाने त्यांच्या कार्याचा हा भाग विसरावा हे बरे दिसणार नाही.

एक आक्षेप मात्र आम्ही प्रामाणिकपणे विचारात घेतला पाहिजे. जुने झाड पडून माणूस मेला तर? पोखरलेली फांदी शाळेच्या मुलांवर कोसळली तर? हा आक्षेप खरा आहे, व त्यासाठी झाडाची वेळोवेळी जाणकाराकडून तपासणी व्हावी, धोक्याच्या फांद्या बेताने उतराव्यात, आणि जे खरोखर मरणोन्मुख झाले असेल ते जाऊ द्यावे. आपल्या मराठी राज्यकर्त्यांचीही हीच दृष्टी होती. अठराव्या शतकाच्या आरंभी रामचंद्रपंत अमात्यांनी रचलेल्या ‘आज्ञापत्रा’त आरमाराच्या लाकडासाठीही रयतेच्या आंब्याफणसांना हात लावू नये, आणि एखादे झाड जीर्ण होऊन निकामी झालेच असेल, तर धन्याला राजी करून, मोबदला देऊन मगच ते घ्यावे, असा निर्बंध आहे. युद्धनौकेची गरजही झाडाच्या धन्याला विचारल्यावाचून भागवू नये, हा त्या राज्याचा न्याय होता.

आणि शुभवर्तमानात तर ह्या प्रश्नाचे उत्तर एका माळ्याच्या मुखी घातले आहे. लूकच्या तेराव्या अध्यायातील ते अंजिराचे झाड आठवा. तीन वर्षे फळ नाही म्हणून मळ्याचा धनी ते तोडावयास सांगतो. माळी त्याला अडवीत नाही, वाद घालीत नाही. आणखी एक वर्ष मागतो, आणि त्या वर्षात आपण काय करणार तेही सांगतो: भोवती खणीन, खत घालीन. त्यानंतरही फळ न आले तर तोडावे, हे तो मान्य करतो. कुऱ्हाड व झाड ह्यांच्यामध्ये उभे राहून मुदत मागणारा हा माळी आपल्या शहरास हवा आहे. त्याने नुसती विनवणी केली नाही, कुदळही हाती घेतली, हे विशेष.

म्हणून बंधुभगिनींनो, ह्या ज्युबिलीची खूण म्हणून आम्ही एक साधी योजना आपणांपुढे ठेवितो. आपल्या धर्मग्रामाने एक नवी नोंदवही उघडावी. तरुणांनी दोघा-दोघांनी निघावे व आपल्या वस्तीतील प्रत्येक मोठ्या झाडाची नोंद करावी: जात कोणती, जागा कोणती, जमिनीपासून साडेचार फुटांवर बुंध्याचा घेर किती, झाडाची प्रकृती कशी. वडाच्या बाबतीत घेरावरून वय काढणे कठीण असते, कारण त्याच्या पारंब्यांचेच खोड होते. म्हणून त्याहून मोलाची गोष्ट म्हणजे साक्ष. शेजारच्या वृद्धांना विचारावे: हे झाड आपण प्रथम केव्हा पाहिले? तेव्हा ते केवढे होते? त्यांचे उत्तर तारखेसह लिहून घ्यावे. घरातील लग्नांची, शाळांची, सणांची जुनी छायाचित्रे शोधावीत. त्यांत मागे उभे असलेले झाड हा कागदोपत्री पुरावा आहे, हे आपण आपल्या कडुनिंबाच्या किमतीने शिकलो आहोत. ह्या कामात आपले हिंदू, मुसलमान, बौद्ध व जैन शेजारी बरोबर असावेत. पिंपळाची सावली कोणाची जात विचारीत नाही, तर त्याची नोंद तरी का विचारावी?

ही वही कपाटात ठेवावयाची नाही. तिची एक प्रत नगरपालिकेकडे द्यावी, व पुढील वृक्षगणनेत ती झाडे वारसा वृक्ष म्हणून नोंदविली जावीत अशी मागणी करावी. खेड्यांत 1975 चा कायदा पोहोचत नाही; परंतु 2002 च्या जैवविविधता कायद्यान्वये प्रत्येक स्थानिक संस्थेत जैवविविधता व्यवस्थापन समिती असावयाची आहे व तिने लोकजैवविविधता नोंदवही ठेवावयाची आहे. आपल्या खेड्यापाड्यांतील बांधवांनी आपल्या जुन्या वृक्षांची नावे तीत घालावीत. आणि जे झाड वहीत आले त्याची कुदळीने सेवा करावी. बुंध्याभोवतीचा सिमेंटचा गिलावा काढून माती मोकळी करावी. 2013 साली राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाने दिल्लीत झाडाभोवतीची एक मीटर जागा सिमेंटमुक्त ठेवण्याचा आदेश दिला होता, तेवढे तरी आपण आपण होऊन पाळावे. जाहिरातींचे खिळे उपटावेत. बुंध्याशी कचरा जाळू देऊ नये. रस्त्यासाठी वाचलेली पुष्कळ झाडे पुढे आगीने व गिलाव्याने हळूहळू मरतात, आणि त्या मरणाला कोणाचीच परवानगी लागत नाही.

अब्राहामाने मम्रे येथे वृक्षाच्या छायेत पाहुण्यांस बसविले, आणि जक्कय उंबरावर चढला म्हणून त्याला प्रभूचे दर्शन घडले. ती झाडे कोणी लावली होती, हे शास्त्रात लिहिलेले नाही. आपल्या फाटकाजवळचा कडुनिंब कोणी लावला होता, हेही आपणांस कधी कळणार नाही. परंतु आवारातील विहिरीजवळची चिंच अद्याप उभी आहे. आजच्या सभेस आलेल्या वृद्ध माउलींपैकी दोघींनी आम्हांस सांगितले की, त्या सून म्हणून ह्या गावी आल्या तेव्हा तिच्या चिंचा वेचीत असत. त्यांची ही साक्ष आजच्या तारखेने लिहून घ्यावी, आणि नव्या वहीची पहिली ओळ त्या चिंचेची असावी, एवढीच आमची नम्र विनंती आहे.

परमेश्वर आपल्या धर्मग्रामास व आपल्या सर्व शेजाऱ्यांस आशीर्वाद देवो.